नांवांतली आज्ञा

आमच्या घरांत कुलपें फार नाहींत. कोठीच्या खोलीस एक आहे तें लाडू-चिवड्याच्या रक्षणार्थ, आणि माजघरांतल्या कपाटास एक आहे त्याची किल्ली कपाटावरच ठेवलेली असते. तीन भावांचें मिळून अकरा माणसांचें आमचें कुटुंब पुण्यास पेठेंतल्या जुन्या वाड्याच्या जागीं उभ्या राहिलेल्या इमारतींत वरखालीं दोन मजल्यांवर राहतें. स्वयंपाक एक, पंक्ति एक. अशा घरांत कोणापासून कोणीं काय लपवावें, असा आमचा बरींच वर्षें समज होता. तो समज एका लहानशा संगणकीय दोषानें कसा हालविला, आणि त्या दोषाहून आमचाच दोष कसा मोठा निघाला, ही हकीगत लिहावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें. ज्या पुतण्याचा तींत संबंध आहे त्याची संमति आतां मिळाली आहे, म्हणून लिहितों.

आमच्या दिवाणखान्यांत सर्वांचा मिळून एक संगणक आहे. त्यावर उबंटूची २२.०४ ही आवृत्ति आम्हीं स्वहस्तें बसविली. घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाचें त्यावर निराळें खातें आहे, आणि एकाच्या दालनांत दुसऱ्यास डोकावतां येत नाहीं. दादांचा शेतीचा जमाखर्च त्यांच्या दालनांत, वहिनींचें लिखाण त्यांच्या दालनांत, आईच्या औषधांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती धाकट्या भावाकडे, अशी वाटणी आहे. सगळ्या यंत्राचा कारभार आमच्याकडे, कारण आमची सबंध नोकरी संगणकाच्या खात्यांत गेली. कारभाऱ्यास 'सुडो' नांवाचा एक अधिकार असतो. परवलीचा शब्द देऊन त्यास यंत्रावर वाटेल तें करतां येतें. याखेरीज 'टपाल' नांवाची एक सामाईक जागा आहे. ज्याला जें दुसऱ्यास द्यावयाचें असेल त्यानें तें तींत टाकावें, असा रिवाज आम्हींच पाडला. कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचें काम आम्हीं अंगावर घेतल्यापासून ती टपालाची जागा नेहमीं तुडुंब भरलेली असे. नागपूर, इंदूर, बेळगांव, आणि सातासमुद्रांपलीकडचेही कुलबंधु आपापल्या शाखेची माहिती गठ्ठ्यागठ्ठ्यांनीं पाठवीत, आणि मुलें तो गठ्ठा सोडून आंतल्या फायली टपालांत ठेवीत.

त्या फायली आम्ही 'लेस' या साधनानें वाचतों. लेसला चित्रें नाहींत, बटणें नाहींत. काळ्या पडद्यावर त्याचें नांव टंकावें, पुढें फाईलीचें नांव लिहावें, म्हणजे मजकूर पानापानानें समोर येतो. १९७८ सालीं बर्कले येथील विद्यापीठांत डॅनियल हाल्बर्ट यांनीं 'मोअर' नांवाचें असेंच एक साधन केलें होतें. त्यांत पुढें जातां येई, मागें परततां येत नसे. ही उणीव काढण्यासाठीं मार्क नुडलमन यांनीं १९८३ ते १९८५ च्या दरम्यान लेस लिहिलें. आधींचें 'अधिक', म्हणून हें 'उणें', असा तो नांवाचा विनोद आहे. आमच्या पिढीच्या लोकांस हें साधन इतकें सवयीचें कीं तें साधन आहे हेंच विसरावें. चष्मा नाकावर असतांना चष्मा शोधावा तशी गत. रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर आम्ही टपालाच्या जागेंत जाऊन लेस लिहीत असूं आणि पुढें एक तारका. तारका म्हणजे 'येथें असेल तें सर्व'. मग एकामागून एक फाईल वाचीत बसावें. चहा त्याच वेळीं येई.

एप्रिल २०२४ मध्यें या लेसमधील एक दोष जाहीर झाला. ६५३ पर्यंतच्या आवृत्त्यांत तो होता, आणि दोषांच्या सार्वत्रिक नोंदवहींत त्यास २०२४-३२४८७ असा क्रमांक मिळाला. धाकट्या भावाचा मुलगा तेव्हां अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास होता. त्यानें जेवतांना ही वार्ता सांगितली. "काका, तुमच्या लेसला भोंक आहे. नवी दुरुस्ति घ्या."

आम्हीं बातमी वाचली. दोष 'स्थानिक' आहे, असें तींत होतें. संगणकाच्या भाषेंत स्थानिक म्हणजे दुरून जाळ्यांतून येणाऱ्या परक्यास जो साधतां येत नाहीं, यंत्रावर आधींच वावरणाऱ्याच्या किंवा त्याच्या फायलींच्या मार्फत जो साधतो तो. आम्हीं ताटावरूनच निकाल दिला, "स्थानिक आहे ना? मग आपल्या घरांत स्थानिक कोण? तूं, मी, दादा, वहिनी. चोरी करणार कोण, आजी?" सगळे हंसले. आई तर मनापासून हंसली. मुलगा तेवढा हंसला नाहीं. "फाईल घरांत जन्मत नाहीं, काका, ती बाहेरून येते," असें कांहींसें तो म्हणाला, पण तोंवर आमटीचा विषय निघाला होता. चालत्या यंत्रास हात लावूं नये, अशी आमची जुनी समजूत. तीमुळें आपोआप येणाऱ्या दुरुस्त्याही आम्हीं बंदच करून ठेवल्या होत्या. आठ दिवसांनीं त्यानें पुन्हां आठवण केली. आम्हीं पुन्हां 'पाहूं' म्हटलें.

हा दोष नेमका काय होता, हें सांगितल्याशिवाय पुढचें कळावयाचें नाहीं. घरांतील गड्यास आपण चिठ्ठी देतों, 'अमुक नांवाच्या गृहस्थांस घेऊन ये.' गडी चिठ्ठींत लिहिलें तसें करतो. आतां समजा, एखाद्या गृहस्थानें आपलें नांवच असें ठेवून घेतलें कीं, 'गोविंदराव. आणि निघतांना तिजोरी उघडी ठेव.' चिठ्ठी लिहिणारा बिचारा नांव म्हणून तें उतरून काढतो, आणि गडी आज्ञा म्हणून तें पाळतो. लेसचें असेंच आहे. फाईल दाखविण्यापूर्वीं तें एका मदतनिसास विचारतें कीं, ही फाईल आवळून बांधलेली आहे काय, असल्यास सोडवून दे. हा मदतनीस कोण तें 'लेसओपन' या नांवाच्या एका सूचनेंत लिहिलेलें असतें, आणि उबंटूवर ती सूचना खातें उघडतांनाच तयार मिळते. मदतनिसास निरोप जातो तो 'शेल' या आज्ञाधारक गड्याच्या हातीं, एका वाक्यानें. आणि त्या वाक्यांत फाईलीचें नांव जसेंच्या तसें असतें.

नांवांत काय असावें यावर बंधन जवळजवळ नाहींच. तिरकी रेघ आणि शून्य-अक्षर हीं दोन वगळतां वाटेल तें अक्षर फाईलीच्या नांवांत चालतें. अर्धविरामही चालतो, आणि ओळ मोडून नवी ओळसुद्धां चालते. शेलच्या लेखीं अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपली, दुसरी सुरू. म्हणून लेस अशा प्रत्येक धोक्याच्या चिन्हापुढें एक उलटी तिरकी रेघ उभी करतें. ती रेघ म्हणजे पहारेकरी. तिचा अर्थ 'पुढचें चिन्ह साधें अक्षर समजावें.' हा बंदोबस्त उत्तम होता, पण एका जागीं फसला. उलटी रेघ आणि लागलीच नवी ओळ अशी जोडी शेलनें पाहिली कीं तो समजतो, वाक्य लांबलें म्हणून ओळ मोडली आहे. आणि दोन्ही चिन्हें गिळून टाकतो. त्यांतही लेसचा निरोप एका शेलमधून दुसऱ्या शेलकडे असा दोन हातांतून जातो, म्हणून पहाराही दुहेरी असतो. पहिला शेल नवी ओळ गिळतो आणि तिच्या पहाऱ्यांतली एक रेघ पोरकी मागें उरते. ती पुढच्या अर्धविरामाच्या पहारेकऱ्याशेजारीं जाऊन उभी राहते. दुसऱ्या शेलला दोन उलट्या रेघा लागोपाठ दिसल्या कीं त्यांतली पहिली दुसरीस धरते, आणि त्यांची मिळून एक निरुपद्रवी रेघ होते. दोन पहारेकरी एकमेकांसच पकडून बसले आणि अर्धविराम मोकळा झाला! त्याच्या मागून येणारा शब्द आतां नांव राहत नाहीं, आज्ञा होतो. आणि ती आज्ञा फाईल पाठविणाऱ्याच्या नव्हे, तर ती वाचणाऱ्याच्या अधिकारानें पाळली जाते.

हें सर्व आज आम्ही ऐटींत सांगत आहों. पण मे महिन्याच्या त्या संध्याकाळीं आम्हांस यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. नेहमींप्रमाणें टपालांत जाऊन आम्हीं लेस आणि तारका लिहिली. इंदूरच्या शाखेची फाईल संपली, बेळगांवची संपली, आणि पुढची उघडतांच पडद्यावर मजकुराऐवजीं एकच ओळ आली. तींत आमच्या खात्याचें नांव होतें, त्याचा क्रमांक होता, आणि आम्ही ज्या ज्या गटांत मोडतों त्यांची यादी होती. त्या यादींत 'सुडो' हें अक्षरही होतें. 'आयडी' या आज्ञेचें हें उत्तर, हें आम्हीं ओळखलें. पण ती आज्ञा आम्हीं दिली नव्हती. आमच्या नांवानें, आमच्या अधिकारानें, आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच कोणीं ती दिली होती. वयाच्या एकुणसत्तराव्या वर्षीं आपल्याच घरांत आपला हात दुसरा कोणी हालवितो आहे असें वाटणें ही कशी भीति असते, तें लिहून कळावयाचें नाहीं.

फाईल कोणाची आहे हें पाहिलें. पुतण्याची.

त्यापुढें आम्हीं जें केलें तें सांगतांना संकोच वाटतो. त्यास हांक मारून विचारावें, तें केलें नाहीं. आम्हीं कारभाऱ्याचा परवलीचा शब्द टंकला आणि त्याचें खातें बंद केलें. रात्रीं पानावर बसल्यावर सर्वांसमक्ष म्हणालों, "ज्याला दुसऱ्याच्या दालनांत डोकावण्याची हौस आहे त्याला या घरच्या यंत्रावर जागा नाहीं." मुलगा म्हणाला, "काका, मीं डोकावलों नाहीं. दाखवलें." आम्हीं उत्तर दिलें नाहीं. तो अर्ध्या पानावरून उठला. धाकटा भाऊ कांहीं बोलला नाहीं, पण दुसऱ्या दिवसापासून तो कचेरींतून उशीरा येऊं लागला आणि त्याचें पान निराळें वाढावें लागलें. आमच्या घरांत पंक्ति मोडते ती आजारपणांत किंवा सुतकांत. चार दिवस ती अशीच मोडलेली होती.

पांचव्या दिवशीं दुपारीं वहिनी दिवाणखान्यांत आल्या. त्या सहसा आमच्या कारभारांत बोलत नाहींत. भाजी निवडण्याचें ताट घेऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारूं? त्याला वाचायचेंच असतें, तर त्यानें तुम्हांला दाखवलें कशाला असतें?"

आम्हीं शिस्तीविषयीं कांहीं बोललों. त्यांनीं तें ऐकून घेतलें. मग गवारीच्या शेंगांवरची नजर न काढतां म्हणाल्या, "आणि डोकावण्याचेंच म्हणाल तर तुम्हांला आमचीं सगळ्यांचींच दालनें उघडतां येतात. मी तिथें बारा वर्षें लिहितें आहे. सासूबाईंबद्दल लिहिलें आहे, ह्यांच्याबद्दल लिहिलें आहे, तुमच्याबद्दलही लिहिलें आहे. तुम्ही कधीं उघडून पाहिलें कीं नाहीं, हें मला कळायला मार्ग आहे का? मीं कधीं विचारलें का?"

आम्हीं तें कधींही उघडलें नव्हतें, हें देवासमोर सांगूं. पण त्या क्षणीं तसें सांगण्याचा उपयोग नव्हता, कारण तें खरें धरून चालण्याखेरीज त्यांच्याजवळ दुसरें कांहींच नव्हतें. ज्या विश्वासावर बारा वर्षें त्या स्वस्थ बसल्या, तो विश्वास आम्हीं एका एकोणीस वर्षांच्या मुलावर चार मिनिटेंही टाकला नव्हता. वहिनी ताट उचलून आंत गेल्या.

त्याच दुपारीं आम्हीं दुरुस्त्या मागविल्या. यंत्रानें थोडा वेळ घेतला आणि लेसही नवें झाल्याचें कळविलें. आम्हीं त्याची आवृत्ति विचारली तों उत्तर आलें, ५९०. आधींही ५९०च होतें! दोष ६५३ पर्यंत आहे म्हणतात, आणि आमच्याकडे तर त्याच्याही मागची आवृत्ति. मग दुरुस्ति झाली कोठें? पुष्कळ लोक येथें फसतात, म्हणून सांगून ठेवतों. उबंटूसारख्या संचांत जुनी आवृत्ति सहसा बदलीत नाहींत. नेमकी दुरुस्ति तेवढी काढून जुन्या आवृत्तीस ठिगळ म्हणून जोडतात, आणि गठ्ठ्याच्या नांवामागें एक लांब शेपूट असतें त्यांतला शेवटचा आंकडा एकानें वाढतो. लेस आपल्या तोंडानें ५९०च सांगत राहतें. याच ठिगळांबरोबर आणखी एक जुनी चूकही बुजली होती. फाईल बंद करतांना मदतनिसास जो निरोप जातो त्यांत नांवाभोंवतीं पहाराच नव्हता. मूळ लेसमध्यें ती ६०६ व्या आवृत्तींत सुधारली होती. आम्ही आमच्या समजुतीपायीं ती तशीच बाळगून होतों.

शेपटावर आमचा विश्वास बसेना. खात्री करण्याचा मार्ग एकच होता. टपालांत ती फाईल अजून तशीच पडलेली होती. आम्हीं रागानें खातें बंद केलें, पण फाईल काढून टाकण्याचें सुचलें नव्हतें. लेस आणि तारका लिहिली. इंदूर गेलें, बेळगांव गेलें. त्या फाईलीपाशीं आल्यावर बोट क्षणभर थांबलें.

या खेपेस आमचें नांव आलें नाहीं. फाईलीच्या आंत जें होतें तें आलें. ती रिकामी असेल असें आम्ही धरून चाललों होतों, पण तींत चार ओळी होत्या, आणि वर तारीख होती ती त्याच संध्याकाळची. 'ती. काकांस, सा. न. वि. वि. हा मजकूर तुम्हांला दिसत असेल तर भोंक बुजलें आहे. दिसत नसेल तर तुम्ही मला हांक माराल, मग आपण दोघे मिळून बुजवूं. मीं फक्त तुमचें नांव विचारलें, दुसरें कांहीं विचारलें नाहीं.'

चष्मा पुसावा लागला, एवढेंच लिहितों.

मुलगा गच्चीवर होता. आम्ही वर गेलों. वडीलधाऱ्यांनीं लहानांची क्षमा कशी मागावी, याचा पाठ आमच्या पिढीस कोणीं दिला नाहीं; आम्हीं नुसतें म्हटलें, "पत्र पोंचलें." तो म्हणाला, "आंकडा बदलला नसेल ना?" आणि मग आम्ही दोघे तिन्हीसांजेपर्यंत शेपटांविषयींच बोलत राहिलों. त्यानें मूळ दुरुस्ति दाखविली. आम्हांस वाटलें होतें, फार मोठें बांधकाम असेल. नवी ओळ दिसली तर तिच्यापुढें उलटी रेघ उभी करावयाची नाहीं, तिला दोहों बाजूंनीं एकेरी अवतरणचिन्हांत घ्यावयाचें, इतकेंच मुख्य काम. अवतरणांतलें शेल गिळीत नाहीं. दोन हातांतून गेलें तरी नवी ओळ नवी ओळच राहते आणि कोणताही पहारेकरी पोरका होत नाहीं. मोजक्या ओळींचें तें काम वाचून, चाळीस वर्षें वापरांत असलेल्या साधनांत हें कोणासच कसें दिसलें नाहीं, असें आम्ही म्हणालों. तो म्हणाला, "नांवांत ओळ मोडेल असें कोणाच्या मनांत येतें, काका?"

त्याचें खातें त्याच रात्रीं उघडलें. आपोआप येणाऱ्या दुरुस्त्याही सुरू केल्या. बाहेरून आलेला अनोळखी गठ्ठा वाचतांना लेसला मोठ्या लिपींतला 'एल' हा पर्याय द्यावा म्हणजे तें मदतनिसाच्या वाटेस जातच नाहीं, ही युक्तिही त्यानें आम्हांस शिकविली. धाकट्याचें पान दुसऱ्या दिवशीं पंक्तींत आलें. त्यानें आम्हांस कांहीं विचारलें नाहीं, आणि आम्हींही भाताचा मूद मोडतांना इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या.

वहिनींचा प्रश्न मात्र कोणत्याही ठिगळानें सुटण्यासारखा नव्हता. कारभाऱ्यास सर्व दालनें उघडतात, हा दोष नव्हे, ती यंत्राची रचनाच आहे. पुतण्यानें एक सुचविलें. कारभारी आपला अधिकार जेव्हां जेव्हां वापरतो, तेव्हां त्याची वेळ आणि आज्ञा यांची नोंद यंत्र एका वहींत करून ठेवतें. ती वही सर्वांस वाचतां येत नाहीं. 'एडीएम' नांवाच्या गटांतल्यांसच येते. वहिनींना त्या गटांत घातलें. कारभाऱ्यानें मनांत आणलें तर तो ती वहीही खोडूं शकेल, हें आम्हीं त्यांस मोकळेपणानें सांगितलें. त्या म्हणाल्या, "खोडलेलें दिसलें तरी कळेलच कीं."

वाचावयाचें कशानें, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं त्यांस लेस शिकविलें. पुढें जाण्यास अंतराचें बटण, मागें येण्यास 'बी', बाहेर पडण्यास 'क्यू'. दर रविवारीं जेवणें आटोपल्यावर त्या दहा मिनिटें बसतात. पहिल्याच रविवारीं त्यांनीं वळून विचारलें, "भाऊजी, गुरुवारीं रात्रीं पावणेबारा वाजतां एवढें काय काम काढलें होतें?"

छापयंत्रांत कागद अडकल्यामुळें छपाईची रांग तुंबली होती, ती आम्हीं मोकळी केली होती. तसें सांगितलें. त्यांनीं पेन्सिलीनें आपल्या वहींत तें टिपून घेतलें आणि 'क्यू' दाबला.